एक लाखात लॉन आणि बागकामाचा धंदा: मशीन कोणतं घ्यावं याच्या आधीची गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा: वाकडला राहणारा 27 वर्षांचा मुलगा, चाकणच्या कंपनीत शिफ्टची नोकरी, मूळ लातूरकडचा, घरी शेती. हातात साधारण एक लाख रुपये आहेत. पेट्रोलचं लॉन मोव्हर घेऊन सोसायट्यांची लॉन कापून द्यायची आणि जोडीला बागकाम घ्यायचं असा विचार आहे. मशीन कोणतं घेऊ, दर काय लावू, लायसन्स लागतं का, आणि नोकरी सोडू का?

मी बाणेर, औंध, पाषाण या पट्ट्यात बंगले आणि सोसायट्यांच्या बागा सांभाळते. शिक्षण उद्यानविद्येचं, पण हा धंदा शिकले ती माळ्यांकडून आणि सोसायट्यांच्या सेक्रेटरींकडून. तेव्हा तुमच्या प्रश्नांचा क्रम जरा उलटा करते. मशीन सगळ्यात शेवटी. तो एक लाख मशीनसाठी नाहीच, तो माळ्यांच्या पगारासाठी आहे. का ते हिशेबात येईलच.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, ती म्हणजे नुसतं लॉन कापण्याचा धंदा. परदेशातले व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना वाटतं की मशीन टेम्पोत टाकायचं, दिवसाला आठ-दहा लॉन कापायची, पैसे खिशात. आपल्याकडे गवत वाढतं ते जून ते सप्टेंबर. त्या चार महिन्यांत आठ-दहा दिवसांनी कापावं लागतं. ऑक्टोबरनंतर वेग मंदावतो, थंडीत पंधरा-वीस दिवस हात लावला नाही तरी चालतं, आणि एप्रिल-मेमध्ये पाणीच नसतं तर वाढणार काय? कापणीच्या दरावर बसलात तर चार महिने धावपळ आणि आठ महिने फोनची वाट. म्हणून महिन्याचं देखभालीचं काम घ्यायचं: पाणी, खुरपणी, छाटणी, खत, कीड, पालापाचोळा आणि त्यातच लॉन. पैसे बारा महिने सारखे, पावसाळ्यात कष्ट जास्त, उन्हाळ्यात कमी.

आता दर. चौरस फुटावर दर लावणारे पुष्कळ आहेत, तुम्ही लावू नका. पाचशे फुटांच्या बागेत तीस कुंड्या, दोन गुलाबाचे वाफे आणि मोगऱ्याचं कुंपण असेल, तर हजार फुटांच्या सरळ लॉनपेक्षा जास्त वेळ जातो. दर वेळेवर काढायचा. एका बंगल्याचा हिशेब करून दाखवते. आकडे तुमच्या भागातले घाला, रीत हीच ठेवा.

समजा माळ्याची हजेरी 700 रुपये. आठ तासांतले कामाचे धरायचे सहाच, कारण एका बागेतून दुसऱ्या बागेत जाणं, गेटवर नोंद, वॉचमनचा फोन, चहा, अवजारं धुणं यांत दोन तास जातातच. म्हणजे एका तासाला 117, आपण 120 धरू. आठवड्यातून एक खेप, दोन तासांची, म्हणजे महिन्याला आठ तास, 960 रुपये. पेट्रोल, गवत कापायच्या मशीनला लागणारी नायलॉनची दोरी, धार, तुटलेली झारी यांचे खेपेला 60 प्रमाणे 240. माळी आजारी पडला की बदली पाठवावी लागते, त्याचे शंभर. झाले 1,300. यात तुमची देखरेख, फोन, गाडी, आणि महिन्यातून एकदा मालकीणबाईंशी अर्धा तास बोलणं आलेलं नाही. चाळीस टक्के त्यासाठी आणि नफ्यासाठी चढवले की 1,800 च्या आसपास जातो. मग समोरून उत्तर येतं, ‘शेजारचा माळी आठशेत करतो.’ तो करतोही. तो एकटा आहे, सायकलवर येतो, तीन आठवडे गावाला गेला तर बागही तीन आठवडे वाळते. त्याच्याशी दरात स्पर्धा करायची नाही. ज्या घरी माळी न येण्याचा त्रास एकदा झालेला आहे, ते घर तुमचं गिऱ्हाईक.

या हिशेबातली सगळ्यात महागडी गोष्ट कोणती? ते वाया जाणारे दोन तास. एक बाग वाकडला, दुसरी वारज्याला आणि तिसरी मोशीला असेल, तर दोनाचे चार तास होतात आणि नफा पुलाखालच्या ट्रॅफिकमध्ये संपतो. म्हणून पहिल्या दहा बागा चालत जाता येईल एवढ्या अंतरात मिळवा. वाकडला राहताय, तर वाकडच घ्या, फार तर पुनावळे आणि ताथवडे. लांबचं मोठं काम आलं तरी सुरुवातीला सोडून द्या. नवीन माणसाला हे सांगून पटत नाही, तरी सांगते.

सोसायटीचं काम वेगळ्या प्रकारचं. तिथे पूर्णवेळ माळी मागतात. त्याच 700 च्या हजेरीने 26 दिवसांचे 18,200, चार सुट्ट्यांना बदली माणूस म्हणजे 2,800, झाले 21,000. अवजारं, इंधन, दोरी यांचे दीड हजार. त्यावर तुमची देखरेख आणि नफा. 27,000 च्या खाली कोटेशन देऊ नका, आणि खत, औषध, रोपं यांचं बिल वेगळं असं कोटेशनमध्येच लिहा. आता एक लाखाकडे या. माळ्याला पगार सात तारखेला हवा. सोसायटी बिल घेते महिना संपल्यावर, मग ते खजिनदाराकडे जातं, मग दोन सह्या, त्यातला एक सहीवाला अमेरिकेत मुलाकडे गेलेला. पैसे येईपर्यंत 45 ते 60 दिवस सहज जातात. दोन माळी असतील तर दोन महिन्यांचे पगारच ऐंशी हजारांच्या पुढे. हे पैसे हातात नसले की तुम्ही पगार थकवता, माळी दुसऱ्याकडे जातो, आणि त्याच्याबरोबर सोसायटीही जाते. म्हणून सुरुवातीला पूर्णवेळ माळ्याची सोसायटी एकच घ्या आणि बाकीचे बंगले. बंगलेवाले पाच तारखेच्या आत यूपीआय करतात.

सोसायट्यांकडे जायचीही वेळ असते. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तेव्हा बागेवरून भांडणं ठरलेली आणि बऱ्याचदा कमिटी बदलते. जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या कमिटीला कोटेशन देऊन ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये नव्या कमिटीला परत भेटा. दुसरी वेळ फेब्रुवारी-मार्च, एप्रिलपासूनचे करार तेव्हा ठरतात.

कोटेशन देण्याआधी बाग नुसती बघून येऊ नका. खुरपं किंवा लोखंडी सळई घेऊन जा आणि लॉनमध्ये तीन ठिकाणी घालून बघा. नव्या इमारतीत बऱ्याचदा दोन इंचांवर टणक आवाज येतो. खाली बिल्डरचा राडारोडा, वर लाल मातीचा हात फिरवलेला आणि त्यावर गवताचे गालिचे अंथरलेले. ताबा देताना सगळं हिरवंगार, पुढच्या उन्हाळ्यात पिवळं. तुम्ही कितीही पाणी घाला, मुळांना जागाच नाही. ते काम घ्यायचंच असेल तर आधी लेखी द्या की लॉन नव्याने करावी लागेल. हजार फुटांवर चार इंच माती म्हणजे 333 घनफूट, सव्वातीन ब्रासच्या वर. हा खर्च आधी सांगितलात तर तुम्ही जाणकार, मे महिन्यात सांगितलात तर बहाणा.

पाण्याचंही तसंच. कडक उन्हाळ्यात लॉनला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे एका चौरस मीटरला पाच लिटर. हजार फूट म्हणजे 93 चौरस मीटर, रोजचे साडेचारशे-पावणेपाचशे लिटर. दहा हजार फुटांची लॉन असलेली सोसायटी दोन दिवसांत जवळपास दहा हजार लिटरचा टँकर बागेलाच घालते. कमिटी पिण्याच्या टँकरवर भांडत असताना तुमच्या माळ्याने पाइप सुरू ठेवलेला कुणी पाहिला, तर त्याचा फोटो ग्रुपवर येतो. एसटीपीचं, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं, पाणी बागेला फिरवलेलं असेल तर उत्तम, पण ते नीट चालतंय का ते नाकाने तपासा. वास येत असेल तर सकाळच्या चालणाऱ्यांची तक्रार पहिली येते. एसटीपी नसेल, टँकरवरच सगळं असेल आणि लॉन मोठी असेल, तर मी स्पष्ट सांगते की निम्मी लॉन काढा आणि तिथे देशी झुडपं लावा. कामाचा आकार लहान होतो, पण उन्हाळ्यातली बोलणी वाचतात. इमारतींच्या सावलीतल्या लॉनचंही हेच. मेक्सिकन गवताला पाच-सहा तास ऊन लागतं. दोन टॉवरच्या मध्ये ते दर वर्षी नव्याने लावून दर वर्षी मारणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशांची नासाडी.

आता गवताचं थोडं. पुण्यात तुम्हाला मुख्यतः तीन प्रकार भेटतील: मेक्सिकन, सिलेक्शन वन आणि सावलीत लावलेलं रुंद पानाचं गवत. मेक्सिकनला फार खोल कापायचं नाही. ते महिनोन्‌महिने न कापता ठेवलं की गादीसारखं फुगतं, आणि मग एकदम खाली कापलं की आतलं तपकिरी उघडं पडतं. एका वेळी उंचीचा एक तृतीयांश भागच काढायचा, हा नियम माळ्याकडून घोकून घ्या. सिलेक्शन वन हरळीच्याच जातीचं, पटकन भरतं, ऊन आणि कापणी दोन्ही सोसतं, पण पावसाळ्यात शेजारच्या वाफ्यात घुसतं.

तण म्हणजे मुख्यतः लव्हाळा. तो उपटून जात नाही, खाली गाठी राहतात आणि एकाचे चार होतात. खुरप्याचं टोक खोल घालून गाठीसकट काढायचा, तेही माती ओली असताना. बहुतेक वेळा तो येतो कच्च्या शेणखतातून आणि फुकट मिळालेल्या मातीतून. लातूरकडे तुम्ही उकिरड्याचं खत शेतात टाकलं असेल, पण लॉनवर ते टाकू नका. पूर्ण कुजलेलं, चाळलेलं खत नाहीतर गांडूळखत. आणि युरिया माळ्याच्या हाती देऊ नका, दुपारच्या उन्हात कोरड्या गवतावर फेकला की मुठीमुठीच्या आकाराचे जळके ठिपके उठतात.

एक कीड मात्र ओळखायलाच हवी, कारण तिथे तुमची परीक्षा होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, भर पावसात, लॉनवर पिवळे पट्टे दिसायला लागतात. सगळे म्हणतात पाणी कमी पडलं, किंवा जास्त झालं. तिथलं गवत मुठीत धरून वर ओढा. चटईसारखं उचललं गेलं, खाली मुळंच नाहीत, आणि मातीत इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी दिसली की ती हुमणी. ऊस-सोयाबीनमुळे तुम्हाला ती ठाऊक असेल. तिचे भुंगे पहिल्या वळवाच्या किंवा जूनच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर जमतात. तेव्हाच दिव्याखाली पाण्याची घमेली ठेवून किंवा फांद्या हलवून भुंगे गोळा करून मारले, तर ऑगस्टमधलं निम्मं दुखणं टळतं. जूनमध्ये हे काम करताना लोक हसतात. करू द्या.

माणसं हा या धंद्याचा खरा पेच. पुण्यातले बरेचसे माळी मराठवाड्यातले, काही झारखंड-ओडिशाकडचे. मराठवाड्यातला माळी मे महिन्यात लग्नांना जातो आणि जूनमध्ये पेरणीला. म्हणजे गवत वाढायला लागतं नेमका तेव्हाच तो नसतो. हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्हीच लातूरचे. त्याला अडवून उपयोग नाही, पेरणी त्याची स्वतःची असते. मी मार्चमध्येच प्रत्येकाची तारीख लिहून घेते आणि सगळ्यांना एकदम सोडत नाही. शिवाय जो पेरणीहून ठरल्या दिवशी परत येतो, त्याला दिवाळीला वेगळा बोनस. दुसऱ्याचा माळी शंभर रुपये जास्त देऊन फोडू नका. या पट्ट्यात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि जो शंभराला आला तो शंभराला जाईल.

माळ्यांच्या जिवाचंही बघा. बाणेर-सूस-पाषाणच्या टेकड्यांलगतच्या सोसायट्यांत पाल्याच्या ढिगाखाली घोणस निघते. गमबूट आणि हातमोजे हे फॅशन नाहीत. पाला हाताने उचलायचा नाही, आधी दाताळ्याने ओढायचा. प्रत्येकाचा बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून द्या, वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आहे. आणि नारळावर चढायचं काम कितीही आग्रह झाला तरी तुमच्या माळ्याला सांगू नका, त्याचा माणूस वेगळा असतो.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील तर शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना, म्हणजे धंदा सुरू केल्याचं कळवणं, पुरते, लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. सेवेच्या धंद्याला वर्षाच्या 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. व्यवसाय कराची नोंदणी मात्र विसरतात, ती करा. सोसायटीचं वर्षाचं बिल लाखाच्या वर गेलं की ते एक टक्का टीडीएस कापतील, रिटर्न भरलं की हिशेबात येतो. दहा माणसं झाली की ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, लागतं, वीस झाली की पीएफ. मोठ्या सोसायट्या त्याआधीच हे पैसे भरल्याची चलनं मागतात, म्हणून कोटेशन देण्याआधी विचारून घ्या, नाहीतर नफा तिथेच जातो.

झाडांचा कायदा मात्र नीट समजून घ्या. शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि मोठ्या फांद्या छाटायलाही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. ‘खिडकीत फांदी येतेय, पटकन उडवून टाका’ असं सांगणारा सभासद तक्रार झाली की गायब होतो आणि पंचनाम्यात तुमचं नाव येतं. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर, परवानगी हातात, मगच करवत. पाला जाळायचा नाही, दंड आहे आणि तक्रार करणारे वरच्या मजल्यांवर बसलेलेच असतात. कोपऱ्यात कुजवायचा खड्डा किंवा जाळीचा पिंजरा करून घ्या, वर्षभराने त्याच बागेला खत मिळतं.

आता तुमचं मशीन. सुरुवातीला लॉन मोव्हर नको, ब्रश कटर घ्या, ज्याला सगळे ग्रास कटर म्हणतात. उतार, कडा, झाडाभोवतीचा भाग, माजलेलं रान, सगळीकडे चालतं, आणि मोटरसायकलवर मागे बसून नेता येतं. चार स्ट्रोकचं घ्या. दोन स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, माळी बदलला की मिश्रण बदलतं, आणि कोरड्या पेट्रोलवर एकदा चाललं की पिस्टन जाम. ब्रँडपेक्षा महत्त्वाचं म्हणजे सुटे भाग आणि दुरुस्तीवाला तुमच्या भागात आहे का. घेण्याआधी दुरुस्तीच्या दुकानात जाऊन विचारा की कोणती मशीनं सगळ्यात जास्त येतात आणि कोणत्यांचे भाग मिळत नाहीत. तो सेल्समनपेक्षा खरं बोलतो. लॉनवर फक्त नायलॉनची दोरी, लोखंडी पातं नाही. दोरीनेही खडे उडतात, पार्किंगला लागून असलेल्या पट्ट्यात गाड्या हलवल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, आणि ही अट करारात लिहायची. चष्मा नसलेल्या माळ्याच्या हाती मशीन देऊ नका.

चांगल्या, सपाट लॉनची दोन-तीन कामं आली की मग हाताने ढकलायचं सिलेंडरचं, म्हणजे गोल फिरणाऱ्या पात्यांचं, मोव्हर घ्या. पेट्रोल नाही, आवाज नाही, रविवारी सकाळी चालवलं तरी कुणी खिडकी उघडून ओरडत नाही. त्याची कापणी कात्रीसारखी स्वच्छ होते, मात्र पात्याला धार हवी. धार गेली की ते गवत कापत नाही, फाडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉनकडे तिरकं बघा, शेंडे पांढुरके दिसत असतील तर धार करायला द्या. चाकांचं पेट्रोल मोव्हर हे मैदान किंवा फार्महाउस मिळेल तेव्हा, त्याआधी भाड्याने आणा.

म्हणजे तुमच्या लाखातले पंधरा-वीस हजार ब्रश कटरला, सहा-सात हजार हातअवजारांना: खुरपी, सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), हेज कात्री, दाताळं, फावडं, घमेली, बरा पाइप. सिकेटर स्वस्तातलं घेऊ नका, फांदी चेंगरली की तिथून वाळत जाते. उरलेले सत्तर हजार वेगळ्या खात्यात, पगारासाठी.

रोपं, कुंड्या, माती पुरवण्यातही पैसे आहेत. सोलापूर रस्त्याला मांजरीपासून सोरतापवाडी, उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्या आहेत, तिथे घाऊक दर मिळतो. गाडीभाडं आणि मेलेली रोपं धरून तुमचा वाटा लावा आणि बिलात तसं दाखवा. चोरून लावलेला वाटा एका रविवारी उघड होतो, मालक मुलांना घेऊन नर्सरीत गेला की. नवी बाग करून देण्याचं काम आलं तर निम्मे पैसे आधी, त्याशिवाय मातीची गाडी मागवू नका.

नोकरीचं विचारलंत. आत्ता सोडू नका. बागेचं काम सकाळी सात ते अकरा आणि उन्हं कलल्यावर असतं. शिफ्ट मागून घेता येत असेल तर दुपारची घ्या, सकाळी स्वतः माळ्याबरोबर हात घाला. एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा असा काढा. या दोन्ही मोसमांनंतर, माळ्यांचे पगार देऊन, खात्यात दर महिन्याला उरणारी रक्कम सलग सहा महिने तुमच्या हातात पडणाऱ्या पगाराएवढी झाली, तर राजीनामा द्या. आणि तो मेमध्ये देऊ नका, कारण तेव्हा तुमचे माळी लातूरला असतील.